गोलकीपरचा करार: पगाराआधी मुदत वाचा

पत्र: माझा मुलगा १७ वर्षं ७ महिन्यांचा आहे, बारावीला आहे. दहाव्या वर्षापासून गोलकीपर म्हणून खेळतो. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधला त्याचा खेळ पाहून एका व्यावसायिक क्लबनं त्याला करार देऊ केला आहे. तीन वर्षं, आणि पुढची दोन वर्षं वाढवायची की नाही ते क्लब ठरवणार. महिना ३०,००० रुपये. 'रिलीज क्लॉज', म्हणजे मुदतीआधी त्याला न्यायचं तर दुसऱ्या क्लबनं भरायची रक्कम, ७५ लाखांचा. क्लब हवं तेव्हा त्याला लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला, पाठवू शकतो. करार संपल्यावर सहा महिने मुंबईतल्या दुसऱ्या क्लबकडून खेळायचं नाही, असंही लिहिलं आहे. पालक म्हणून मला हमीदार व्हायचं आहे. एक एजंट चार वर्षांसाठी १० टक्के मागतो. मुलगा हरखून गेला आहे. त्याचे बाबा म्हणतात, एवढी मोठी रक्कम लिहिली म्हणजे क्लबला त्याची किंमत कळली. मला मात्र भीती वाटते की आपण मुलाला बांधून देतोय. चार दिवसांत सही हवी आहे. काय करू?
— एक आई, लालबाग

ताई,

तुम्ही पत्रासोबत जोडलेला मसुदा वाचला. तुमची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. करार नाकारायची गरज नाही. १७ व्या वर्षी व्यावसायिक क्लबनं कीपरला कागद देऊ करणं ही मोठी गोष्ट आहे, त्याचा आनंद घराला होऊ द्या. मात्र आहे त्या रूपात यावर सही करू नका. चार दिवसांच्या मुदतीला उत्तर म्हणून आजच क्लबला ईमेल करा: 'प्रस्तावाबद्दल आभार, मुलाला तुमच्याकडे खेळायचं आहे, मसुदा वकिलाला दाखवून दहा दिवसांत लेखी सूचना कळवतो.' ज्या क्लबला मुलगा खरोखर हवा आहे, तो दहा दिवस थांबतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. संघात कीपरची जागा एकच असते. बचावपटूला डावीकडून उजवीकडे हलवता येतं, मिडफिल्डरला शेवटची वीस मिनिटं मिळतात. कीपर मात्र पहिला असतो किंवा बाकावर असतो. क्लबात साधारण तीन कीपर असतात आणि तिसऱ्याला कित्येकदा पूर्ण मोसमात एकही अधिकृत सामना मिळत नाही. म्हणून कीपरच्या करारात मुदत, लोन आणि सामने ही तीन कलमं पगारापेक्षा जास्त मोलाची असतात. ३० हजारांचे ३५ करून मिळाले आणि मुलगा पाच वर्षं बाकावर बसला, तर त्या वाढीचा उपयोग नाही.

लांब करार म्हणजे सुरक्षितता, ही समजूतही कीपरच्या बाबतीत अनेकदा खोटी ठरते. अमरिंदर सिंगचं उदाहरण मुंबईकरांना माहीत आहे. मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग (आयएसएल) त्यानं जिंकली आणि २०२१ मध्ये तो एटीके मोहन बागानकडे पाच वर्षांच्या करारावर गेला. पुढच्याच वर्षी त्या क्लबनं विशाल कैथ या दुसऱ्या कीपरला आणलं आणि अमरिंदर ओडिशा एफसीत गेला. तो भारताचा कीपर होता, त्याला लगेच दुसरा दरवाजा उघडला. तिसऱ्या क्रमांकावरच्या वीस वर्षांच्या मुलाला तो तितका सहज उघडत नाही.

तीन अधिक दोन

इथे नियम तुमच्या बाजूनं आहे. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, खेळाडूंच्या दर्जा आणि ट्रान्सफरविषयीच्या नियमावलीत कलम १८ सांगतं की १८ वर्षांखालचा खेळाडू तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करू शकत नाही, आणि त्याहून लांब मुदतीचा उल्लेख मान्य केला जात नाही. मोठ्यांसाठी ही मर्यादा पाच वर्षांची आहे. हे कलम देशांतर्गत पातळीवरही बंधनकारक आहे. म्हणजे आज सही केलीत तर चौथ्या-पाचव्या वर्षाचा भाग वादात टिकणं कठीण. मग क्लब तो का लिहितात? कारण बहुतेक पालक वाद घालायला जात नाहीत. मुलगा साडेवीस वर्षांचा झाल्यावर क्लब पत्र पाठवतो, 'तुझी मुदत वाढवली', आणि नवा क्लब भानगड नको म्हणून मागे सरतो. नियम आपल्या बाजूनं असूनही एक ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलण्यासाठी ठरलेला काळ, हातची जाते. म्हणून 'हे टिकणारच नाही' असं म्हणून सही करू नका, ते वाक्य खोडून घ्या.

मोठ्या खेळाडूंच्या करारांत असे पर्याय सर्रास असतात. डेव्हिड डी हेयानं मँचेस्टर युनायटेडशी २०१५ मध्ये चार वर्षांचा करार केला तेव्हा त्यात एका वर्षाच्या वाढीचा पर्याय क्लबकडे होता, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये क्लबनं तो वापरला. मुदत संपत आलेला कीपर फुकट जाऊ नये म्हणूनच तो होता. एकतर्फी वाढीबद्दलचे वाद लवादासमोर येतात तेव्हा साधारण काही गोष्टी पाहिल्या जातात: एकूण मुदत अवाजवी नाही ना, वाढीची सूचना करार संपण्याच्या पुरेशी आधी द्यायची आहे ना, वाढीव वर्षांचा पगार आधीच ठरलेला आहे ना, आणि सगळी दोरी एकाच बाजूच्या हातात नाही ना. तुमच्या मसुद्यात वाढीव दोन वर्षांच्या पगाराचा आकडाच नाही, म्हणजे ३०,००० वर पाच वर्षं.

मी सुचवेन: दोन वर्षं पक्की, तिसरं वर्ष दोघांच्या लेखी संमतीनं, सूचनेची तारीख दुसऱ्या वर्षाच्या अखेरीच्या किमान चार महिने आधी, आणि तिसऱ्या वर्षाचा पगार आजच लिहिलेला. क्लब कदाचित म्हणेल, 'दहा सामने खेळला तर तिसरं वर्ष आपोआप.' ऐकायला छान वाटतं, पण अशा कलमाचं काय होतं ते पाहा. खेळाडूला पगारवाढ द्यायची नसेल तर त्याला नवव्या सामन्यानंतर बसवलं जातं, आणि कीपरच्या बाबतीत हे सगळ्यात सोपं, कारण एकाला बसवून दुसऱ्याला उभं करायला डावपेचही बदलावे लागत नाहीत. सामन्यांवर अवलंबून असलेली वाढ मान्य करायची असेल तर ती मुलाचा हक्क म्हणून लिहून घ्या: एवढे सामने झाले तर तिसरं वर्ष मागायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं.

एक तारीख घरात सगळ्यांना माहीत असू द्या. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणानं करार करू शकतो. त्याआधी दुसऱ्या क्लबला बोलायचं असेल तर त्यानं आधी सध्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं. त्या काळात कोणी व्हॉट्सअॅपवर मुलाशी परस्पर बोलणी करत असेल तर त्याला थांबवा. मुदतीच्या मध्येच करार मोडून उडी मारणं किती महाग पडू शकतं, हे अन्वर अलीच्या प्रकरणात दिसलं. मोहन बागानचा करार सोडून तो ईस्ट बंगालकडे गेला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) प्लेअर स्टेटस कमिटीनं, म्हणजे खेळाडू आणि क्लब यांचे वाद पाहणाऱ्या समितीनं, त्याच्यावर चार महिन्यांची बंदी आणि संबंधितांवर १२.९० कोटींची भरपाई लावली. तो आदेश दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि नव्यानं सुनावणी करण्याची पाळी आली. पण मधल्या काळात खेळाडूचं डोकं खेळात राहत नाही.

७५ लाख: किंमत की कुलूप?

मुलाच्या बाबांना हा आकडा गौरवाचा वाटतो, ते मी समजू शकतो. पण हिशोब मांडा. महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार, तीन वर्षांत १० लाख ८० हजार. क्लब जेवढं देणार त्याच्या जवळपास सात पट रक्कम दुसऱ्या क्लबनं भरल्याशिवाय मुलगा हलू शकत नाही. आणि भारतात खेळाडू बहुतेक करार संपल्यावर फुकटच क्लब बदलतात, मोठी फी मोजणं हा अपवाद आहे. एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या कीपरसाठी ७५ लाख कोणी भरणार नाही. आपण भाड्याच्या घराच्या करारात लॉक-इन काळ पाहतो ना, तसंच हे आहे, फक्त इथे कुलपाची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात आहे.

स्पेनमध्ये ही पद्धत वेगळी आहे, आणि टीव्हीवरच्या बातम्यांमुळे आपल्याकडे गोंधळ होतो तो तिथूनच. तिथे १९८५ च्या एका शाही आदेशामुळे खेळाडूला रक्कम भरून करार सोडता येतो, म्हणून जवळपास प्रत्येक करारात ती रक्कम लिहिलेली असते. ऑगस्ट २०१८ मध्ये इंग्लंडच्या चेल्सीकडे जाण्यासाठी कीपर केपा अरिझाबालागाची ८ कोटी युरोंची रक्कम भरली गेली आणि त्याच्या क्लबला, अॅथलेटिक बिल्बाओला, नाही म्हणायची सोयच उरली नाही. केपा जगातला सर्वात महागडा कीपर ठरला. त्याच आठवड्यात चेल्सीनं आपला कीपर थिबो कोर्तुआ रेआल माद्रिदला दिला, सुमारे साडेतीन कोटी पौंडांना, तर केपासाठी मोजले होते सात कोटी पौंडांहून जास्त. कोर्तुआ तेव्हा काही केपापेक्षा निम्म्या दर्जाचा कीपर नव्हता. त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. एकीकडे कलमानं किंमत चढवली, दुसरीकडे संपत आलेल्या मुदतीनं उतरवली. आंद्रे ओनानाचं तर आणखी स्पष्ट आहे: २०२२ मध्ये आयॅक्सचा करार संपवून तो इंटरकडे फुकट गेला, आणि वर्षभरानं इंटरनं त्याला मँचेस्टर युनायटेडला सुमारे पाच कोटी युरोंना विकलं. माणूस तोच, हातमोजे तेच, फक्त कागदावरची वर्षं वेगळी.

भारतात कायद्यानं अशी रक्कम लिहिणं सक्तीचं नाही. लिहिलीच, तर शब्द नीट हवेत. 'क्लब प्रस्तावाचा विचार करेल' आणि 'क्लबला ट्रान्सफर मान्य करावीच लागेल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१३ मध्ये आर्सेनलनं लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझसाठी ४ कोटी आणि वर एक पौंड देऊ केला, कलम लागू होईल या समजुतीनं. लिव्हरपूलनं त्याला सोडलं नाही. कलमाच्या अर्थावरून रान उठलं आणि सुआरेझ तिथेच राहिला. तुमच्या मसुद्यात वाक्य असं असू द्या: अमुक रक्कम लेखी देऊ केल्यावर क्लब सात दिवसांत ट्रान्सफरची कागदपत्रं देईल. रक्कम एकरकमी की हप्त्यांनी, जीएसटी असल्यास त्यात धरलेला की वरून, हेही त्यात यावं.

रक्कम उतरती ठेवा. पहिल्या वर्षी १५ लाख, दुसऱ्या वर्षी ८, तिसरं वर्ष घेतलंच तर ४, असं काहीतरी. परदेशी क्लबसाठी वेगळी, थोडी जास्त रक्कम क्लबनं मागितली तर द्या, ते रास्त आहे. काही करारांत आकडा महागाईशी बांधलेला असतो. २०२५ मध्ये बार्सिलोनानं एस्पान्योलच्या जोआन गार्सियासाठी अडीच कोटी युरोंच्या मूळ रकमेवर महागाईवाढ मिळवून पैसे भरले. तुमच्या मुलाच्या करारात अशी चढती शिडी नको.

आता मसुद्यातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य: 'खेळाडूनं मुदतीपूर्वी क्लब सोडल्यास ही रक्कम खेळाडू व हमीदार यांच्याकडून वसूल केली जाईल.' ते रिलीज क्लॉजच्याच खाली आहे. हा रिलीज क्लॉज नव्हे, हा दंड आहे, आणि तो तुमच्या घरावर येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली अशी रक्कम ही फार तर कमाल मर्यादा असते. न्यायालय वाजवी भरपाईच देतं, पूर्ण ७५ लाख आपोआप मिळत नाहीत. पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. शिवाय १८ वर्षांखालचा मुलगा आपल्या कायद्यानुसार करार करायला सक्षमच नसतो, १९०३ पासून अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल मानला जातो. म्हणून क्लब तुमची सही मागतो. पालक म्हणून 'मुलाच्या वतीनं' सही करणं ठीक. 'हमीदार म्हणून, वैयक्तिक जबाबदारीनं' सही करू नका. या एका मुद्द्यावर क्लब अडून बसला, तर मागे फिरा.

करार संपल्यानंतर सहा महिने दुसरीकडे न खेळण्याची अट त्याच करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणारी नाही. खोडायला सांगा, क्लबचा वकील फार ताणणार नाही.

लोन आणि सामने

वीस वर्षांच्या कीपरसाठी लोन ही चांगली गोष्ट आहे. त्याला सामने हवेत: बाजूनं आलेल्या उंच चेंडूवर (क्रॉसवर) बाहेर यायचं की गोललाइनवर थांबायचं, हा निर्णय सरावात शिकता येतो, पण पक्का होतो तो गोलसमोरच्या गर्दीत धक्के खाऊनच. प्रश्न 'हवं तेव्हा, हवं तिथे' या शब्दांचा आहे. लोन हा दोन क्लब आणि खेळाडू अशा तिघांचा लेखी करार असतो, मुलाच्या संमतीशिवाय तो व्हायला नको. आज आगाऊ सरसकट संमती देऊन ठेवू नका, 'प्रत्येक वेळी स्वतंत्र लेखी संमती' असं घाला. फिफाच्या नियमानुसार लोन किमान एका विंडोपासून पुढच्या विंडोपर्यंतचं आणि जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं, आणि लोनवर घेतलेला क्लब पुढे तिसऱ्याला लोनवर देऊ शकत नाही.

पगार कोण देणार ते लोनच्या कागदात येतंच, पण मूळ करारात एक ओळ हवी: लोनवरच्या क्लबनं पगार थकवला तर मूळ क्लब ३० दिवसांत भरेल. ही ओळ नसली की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

परत बोलावण्याचं कलम कीपरसाठी फार नाजूक आहे. पहिल्या कीपरचं बोट मोडलं की क्लब जानेवारीत तुमच्या मुलाला परत बोलावतो, पहिला बरा होतो, मुलगा पुन्हा बाकावर. आणि मग तिसरीकडे जाता येत नाही, कारण एका मोसमात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणून लिहून घ्या: परत बोलावलं तर उरलेल्या मोसमात त्याला सामन्याच्या चमूत पहिला किंवा दुसरा कीपर म्हणूनच ठेवलं जाईल.

लोनवर असताना मूळ क्लबविरुद्ध खेळता येईल का, हे स्पर्धेच्या नियमांवर ठरतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये बंदी आहे. युरोपीय स्पर्धेत मात्र २०१४ मध्ये कोर्तुआ चेल्सीकडून अॅटलेटिको माद्रिदला लोनवर असताना दोन्ही क्लब उपांत्य फेरीत समोरासमोर आले, आणि त्याला खेळवल्यास पैसे द्यावे लागतील अशी तरतूद खाजगी करारात होती. असं कलम आपण मानत नाही, असं युएफानं (युरोपीय फुटबॉल संघटनेनं) जाहीर केलं आणि कोर्तुआ दोन्ही सामने खेळला. लोनकडे विक्रीची पहिली पायरी म्हणूनही पाहा: डेव्हिड राया ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रेंटफर्डकडून आर्सेनलला ३० लाख पौंडांच्या लोनवर गेला, पुढे २ कोटी ७० लाखांना विकत घेण्याचा पर्याय ठेवून, आणि २०२४ मध्ये तो वापरला गेला. निघण्याआधी ब्रेंटफर्डनं त्याचा करार वाढवून घेतला होता, म्हणजे लोन संपताना खेळाडू फुकट सुटू नये. मुलाला लोनवर पाठवताना 'आधी जरा वाढीव करारावर सही कर' असं कोणी म्हणालं, तर ते का म्हणतात ते आता तुम्हाला कळेल. तेव्हा बदल्यात काहीतरी मागा.

आणि या सगळ्याहून महत्त्वाचं कलम, जे तुमच्या मसुद्यात नाहीच: सामन्यांचं. फिफाच्या नियमात मोसमातल्या अधिकृत सामन्यांपैकी १० टक्क्यांहून कमी सामने मिळालेल्या खेळाडूला करार सोडण्याची वाट आहे, पण ती प्रस्थापित व्यावसायिकासाठी, आणि त्यातही खेळाडूची परिस्थिती पाहिली जाते. सतरा वर्षांच्या राखीव कीपरला तिचा आधार मिळणार नाही. त्याची वाट त्याच्याच करारात कोरावी लागेल. मी असं लिहीन: 'एका मोसमात पहिला संघ, राखीव संघ, डेव्हलपमेंट लीग किंवा लोन मिळून किमान १५ स्पर्धात्मक सामने पूर्ण वेळ न मिळाल्यास, मोसम संपल्यापासून ३० दिवसांत खेळाडूला कोणतीही रक्कम न भरता करार संपवण्याचा हक्क राहील. दुखापतीमुळे गेलेला काळ धरला जाणार नाही.' फक्त 'क्लब त्याला लोनवर पाठवेल' एवढंच लिहू नका. घेणारा तिसरा क्लब मिळाला नाही तर ते वाक्य निरुपयोगी ठरतं.

बोनसची व्याख्याही कीपरच्या नजरेनं वाचा. 'सामना खेळला' म्हणजे सुरुवातीपासून, की ६० मिनिटं? राखीव कीपर बहुधा उतरतो तो पहिल्याला लाल कार्ड मिळाल्यावर किंवा दुखापत झाल्यावर, तेही शेवटच्या अर्ध्या तासात. मिनिटांची अट काढा. चमूत नाव आलं तरी ठरावीक रकमेचा बोनस मागा. बाकावरच्या कीपरला पगाराशिवाय तेवढंच उत्पन्न असतं.

पगार थकला तर

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा मोसम रोखून धरल्याचं क्लबांना कळवलं गेलं आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबवले. तेव्हापासून 'लीग झाली नाही किंवा पुढे ढकलली तर पगार देय नाही' असल्या ओळी अधिक काळजीनं वाचाव्या लागतात. तुमच्या मसुद्यात ती आहे, 'अनपेक्षित परिस्थिती' या मथळ्याखाली, शेवटून दुसऱ्या पानावर. पूर्ण निघत नसेल तर निदान असं करा: अशा काळात ५० टक्के पगार चालू राहील, आणि ६० दिवसांहून जास्त चालल्यास खेळाडू मोकळा होईल.

पगार थकल्यास काय करायचं ते असं. फिफाच्या कलम १४ ब नुसार क्लबनं दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडूला करार संपवण्याचं रास्त कारण मिळतं. मात्र आधी लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. नोटिशीत कोणत्या महिन्याचे किती रुपये, देय तारीख, बँक खातं आणि मुदतीचा शेवटचा दिवस लिहा. क्लबच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. नोटीस न देता सराव बंद करणं ही मुलं हमखास करतात ती चूक आहे, मग करार मोडल्याचा आरोप त्यांच्यावरच येतो. वाद देशांतर्गत असल्यानं तो एआयएफएफच्या प्लेअर स्टेटस कमिटीपुढे जाईल. पगार रोखीत कधीही घेऊ नका, वादात बँकेची नोंदच बोलते. क्लब पगाराऐवजी फी म्हणून पैसे देणार असेल तर साधारण १० टक्के टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. मुलाचं पॅन आत्ताच काढून ठेवा.

दुखापतीचं कलम 'सलग ९० दिवस अनफिट राहिल्यास क्लब करार संपवू शकतो' असं आहे. कीपरच्या खांद्याची किंवा गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर परतायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. क्लबसाठी खेळताना किंवा सराव करताना झालेली दुखापत वगळून घ्या, शस्त्रक्रिया आणि फिजिओचा खर्च क्लबचा, विम्याची प्रत तुमच्या हातात. तसंच सही झाल्यावर 'मेडिकल पास झाला तरच करार लागू' ही अट चालत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी. हातमोजे: कृत्रिम टर्फवर तळव्याचं लेटेक्स (रबर) फार लवकर झिजतं, वर्षाला किमान सहा जोड्या क्लबनं द्याव्यात असं लिहा. आणि एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) गोलकीपिंग लायसन्स असलेला कीपिंग कोच आहे का, आठवड्यात किती सत्रं घेतो, हे विचारा. कीपिंग कोच नसलेल्या क्लबात जाण्यापेक्षा आहे तिथे आणखी एक मोसम खेळणं मी पसंत करेन. बारावीच्या परीक्षेसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये पगारी रजा मागा.

एजंट आणि जुना क्लब

चार वर्षांचा एजंट करार चालत नाही, फिफाच्या एजंट नियमांत कमाल मुदत दोन वर्षं आहे. एजंटकडे फिफाचं लायसन्स हवं, फिफाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोधा. अल्पवयीन खेळाडूशी संपर्क साधायलाही त्याला पालकांची लेखी परवानगी लागते. फीबाबत फिफानं वार्षिक दोन लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. न्यायालयीन वादांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तिला स्थगिती मिळाली. तरी मोजपट्टी म्हणून ती चांगली आहे. हा करार क्लबनं थेट तुम्हाला पाठवला आहे, मग १० टक्के कशाचे? त्यापेक्षा करार वाचणाऱ्या वकिलाला एकदाच ठरलेली फी द्या. 'पुढच्या ट्रान्सफरमध्ये २० टक्के वाटा' असं एजंट किंवा खाजगी प्रायोजक मागत असेल तर ते मे २०१५ पासून फिफानं बंद केलेलं आहे.

मुलगा ज्या स्थानिक क्लबकडून लहानपणापासून खेळला, त्याच्या नोंदी मात्र नीट करून घ्या. मुलगा पुढे परदेशात विकला गेला तर ट्रान्सफर रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक मोसमाला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. बारा ते सतरा हे सहा मोसम एकाच क्लबात गेले असतील तर त्या क्लबचे २ टक्के, म्हणजे एक कोटीच्या व्यवहारात दोन लाख. तुमच्या खिशात यातलं काही येत नाही, पण लालबाग-परळच्या छोट्या क्लबाला त्यातून नेट, चेंडू आणि मैदानाचं भाडं निघतं. त्यासाठी प्रत्येक मोसमाची अधिकृत नोंदणी हवी, आणि ती तपासायची वेळ आत्ताची आहे. परदेशाचं स्वप्न १८ पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवा, काही अपवाद सोडले तर त्याआधी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर होत नाही.

सहीच्या दिवशी मसुदा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा, मुलाला मराठीत समजावून सांगत. खोडलेलं वाक्य 'स्वच्छ प्रती'त परत आलेलं असू शकतं. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, प्रत्येक पानावर सही, रिकामी जागा रेघ मारून बंद. एक मूळ प्रत तिथेच हातात घ्या, 'नंतर पाठवतो' चालणार नाही. एआयएफएफच्या नोंदणी प्रणालीत क्लब जो करार चढवतो, तोच वादात पाहिला जातो. वेगळ्या पत्रावर दिलेली आश्वासनं बाहेरच राहतात, म्हणून सामन्यांचं कलम, लोनची संमती आणि हातमोजेसुद्धा मुख्य करारातच आले पाहिजेत. नोंदणी झाल्यावर चढवलेल्या कागदाची प्रत क्लबकडून ईमेलवर मागा आणि तुमच्या प्रतीशी पानपान जुळवून पाहा.